सदाफुलीच्या बुडाशी ओल

"हलवा वो, हलवा बॅगा. एकडाव मुळी जमिनीत गेली तं मंग रोप निंगत नाई."

बाबांचा हा आवाज अहेरीच्या रोपवाटिकेतला. तंबाखूनं जाड झालेला, उन्हानं तडकलेला. देवराव रखवालदार वाफ्याच्या कडेनं पुढं चालायचे आणि त्यांच्या मागं ओणव्या बाया एकेक पिशवी उचलून वीतभर बाजूला ठेवायच्या. काळ्या प्लास्टिकच्या बुडातून सागाची, शिवणीची मुळं खालच्या मातीत शिरलेली असायची. पिशवी उचलली की तुटायची. टच्. बायांच्या बांगड्यांच्या आवाजात तो आवाज कुणाला ऐकूही जायचा नाही. पण लहानगी संघी वाफ्यातच बसलेली असायची, तिचे कान पिशव्यांच्या उंचीवर. हलवलेली रोपं दोन-चार दिवस माना टाकून उभी राहायची, आणि नेमकं तेव्हाच बाबा त्यांचं पाणीही तोडायचे. संघी विचारायची, "मरते का बाबा?" आणि बाबा म्हणायचे, "मरत नाई. आता ते कुठीबी जाऊ शकते." पावसाळ्यात ट्रक यायचे, रोपं डोंगरावर जायची. लाडावलेलं रोप डोंगरावर टिकत नाही, त्याला आधी ताण द्यावा लागतो, हे संघीला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं. इतक्या वर्षांत तो आवाज तिला काही रोज आठवत नव्हता. आज सकाळी आठवला, कारण आज सकाळी चंद्रपुरात, तुकुमातल्या आपल्या घराच्या अंगणात, ती झाडू घेऊन पायरी उतरली आणि सदाफुलीच्या बुडाशी माती ओली होती.

ती झाडू टाकून खाली बसली. बोट रोवलं. पहिलं पेर बुडालं, दुसरं बुडालं, आणि बोटाला गारवा लागला. दुसऱ्याच्या देहाला चुकून हात लागावा तशी ती दचकली. मे महिन्यात, जिथं धुणं दोरीवर टाकेस्तोवर पहिलं कापड कडक होतं, तिथं ओल म्हणजे कुणीतरी मुद्दाम घातलेलं पाणी. होळीपासून तिनं या ओळीला थेंब दिला नव्हता. फाटकापासून पायरीपर्यंतची ओळ, गुलाबी, पांढरी, आणि पांढऱ्यातच लाल डोळ्याची. थर्मल वीजकेंद्राची राख पानांवर बसते, कोळशाची काजळी बसते, शेजारचे गुलाब हिरव्या जाळीखाली डोकं झाकून घेतात, आणि ही उघड्यावर, सत्तेचाळीस डिग्रीत, रोज नवी फुलं काढते. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, सिस्टर, काय घालता हो हिला? संघप्रिया म्हणायची, काही नाही. हे म्हणताना तिला जे वाटायचं ते सुखच होतं, पण त्याची चव सदाफुलीच्या पानासारखी होती. शेळीसुद्धा तोंड लावत नाही त्या पानाला. बी तिनं अहेरीहून आणलं होतं, बाबा गेल्यावर. तिथं ती मसणाच्या वाटेवर उगवायची, लोक घरात लावत नसत. बाबांनी मात्र खोलीच्या दाराशी लावली होती. मोहरीहूनही बारीक काळं बी. त्याला अंधार लागतो, म्हणून मातीचा पातळ थर द्यायचा. रोप चार पानांवर आलं की जागेवर लावायचं, रुजेपर्यंत संध्याकाळी हातानं ओंजळ-ओंजळ पाणी, रुजलं की बंद. मग शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूनं फुटवा येतो. एवढंच. रुजेपर्यंत पाणी, रुजल्यावर नाही. बाबांचा सगळा धडा एवढाच होता आणि तिनं त्यावर अख्खं आयुष्य काढलं होतं.

"का पाहून राह्यल्या बाई? सोनं सापडलं का?" भिंतीपलीकडून गिरजाबाईनं मुंडी काढली. हातात पाइप, पायाशी लॉन. गिरजाबाईला साखर आहे. रोज सकाळी ती भिंतीवरून हात घालून सदाफुलीची फुलं तोडते आणि चावून खाते, आणि संघप्रिया रोज तिला सांगते की बाई, डॉक्टरच्या गोळ्या घ्या, हे विष आहे.

"गिरजाबाई, तुमचा पाइप इकडं आला होता का काल?"

"माहा पाइप? तुमच्या झाडायले पानी टाकून म्या का शिव्या खाऊ? मागं दोन शिंतोडे उडाले तं तुमी मले चार दिवस फुलं तोडू देल्ली नाई." ती हसली, मग भिंतीवर कोपर टेकून आवाज उतरवला. "पोरगी करत असंन. दुपारी दिसते मले खिडकीतून. अन् काहो, दोरीवर स्वेटर वाळू टाकलं होतं तिनं. चंद्रपुरात, मे महिन्यात! मी आमच्या यायले म्हटलं, पुन्याले आता बरफ पडाले लागली का?"

संघप्रियानं पडलेला झाडू उचलला. ते स्वेटर तिनं दोरीवर येण्याआधीच पाहिलं होतं. लेक खुशबू पुण्याहून आली त्याच दिवशी, ती आंघोळीला गेलेली असताना, बॅग उघडी पडलेली. वर कुर्ते, त्याखाली लॅपटॉपच्या वायरी, आणि तळाशी घडी घातलेलं राखाडी स्वेटर, एक शाल, आणि कपाटाच्या मागच्या खणात ठेवतात तसल्या सगळ्या गोष्टी, जुना चष्मा, शाळेतलं बक्षीस म्हणून मिळालेली पितळी बुद्धमूर्ती. आठवड्याच्या सुट्टीला आलेलं माणूस हिवाळा बॅगेत घालून आणत नाही. संघप्रियानं झाकण लोटलं होतं आणि स्वयंपाकघरात जाऊन भाकरी टाकायला घेतली होती. जेवताना तिनं विचारलं, परतीचं काय? खुशबूनं पाण्याचा पेला तोंडाला लावला, पुष्कळ वेळ लावून ठेवला, आणि म्हणाली, "रविवारच्या गाडीचं काढते." ठीक, संघप्रिया म्हणाली. आणि त्या 'ठीक'नंतर दोघींनी भाकरी मोडली, वरणात कालवली, कूलरचं पाणी टपटपत राहिलं, आणि एवढा सोपा प्रश्न, काय झालं गं, हा ताटाच्या कडेला मिठासारखा पडून राहिला.

विचारायचं काय होतं? तिला ठाऊक होतं. दोन वर्षांमागं खुशबू अशीच नवऱ्याविना आली होती, तेव्हा छोटी बॅग होती. तेव्हा ती बोलली होती. याच पायरीवर बसून, संध्याकाळी, सदाफुलीची वाळलेली फुलं खुडता खुडता. "आई, आदेश बोलत नाही गं." बोलत नाही म्हणजे? "म्हणजे बोलतच नाही. काहीतरी लागतं त्याच्या मनाला, काय ते सांगत नाही, आणि बंद होतो. महिना महिना. मी समोर असते आणि तो माझ्यातून पलीकडची भिंत बघतो. मी स्वयंपाक करते, तो जेवतो, भांडं घासून ठेवतो. चांगलं घासतो. एकदा मी मुद्दाम कप फोडला. त्यानं झाडू आणला आणि भरून टाकला." संघप्रियाला त्यावेळी खरंच कळलं नव्हतं की यात रडण्यासारखं काय आहे. अख्ख्या नोकरीत तिनं बाया पाहिल्या होत्या, सावली गावच्या आरोग्य केंद्रात, मूल गावच्या केंद्रात, मग इथं जिल्ह्याच्या ठिकाणी. जळालेल्या, दात पाडलेल्या, पोटावर लाथ खाल्लेल्या. तिनं त्यांना टाके घालताना हात धरला होता. म्हणून तिनं विचारलं, मारतो का? नाही. पितो का? नाही. दुसरं काही? नाही गं. "मग?" संघप्रिया म्हणाली होती. खुशबूनं हातातली वाळलेली फुलं पायरीवर ठेवली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात संघप्रियानं जवसाची चटणी दिली, पोळ्या दिल्या, आणि गाडीत बसवून आली. परतताना तिला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं. रोपाला एक-दोन दिवस मान टाकू द्यावी, मग ते आपोआप उभं राहतं. राहिलंही. दर रविवारी फोन यायचा, मी ठीक आहे आई. तू कशी आहेस? मी ठीक आहे. दोन ठीकांच्या मधे विदर्भ आणि अर्धा महाराष्ट्र पसरलेला असायचा.

दुपारी तिनं झोपेचं सोंग घेतलं. कूलरच्या वाळ्याच्या वासात डोळे मिटून पडून राहिली, आणि दाराची कडी हलकेच निघालेली ऐकली. खिडकीच्या फटीतून बाहेरचा उजेड पांढरा फटफटीत, बघवत नव्हता असा. खुशबू डोक्याला ओढणी गुंडाळून, चपला घालून, पाइप ओढत ओळीपाशी गेली. दुपारी सदाफुली पानं मिटून घेते, उन्हाला पाठ दाखवते; संध्याकाळ झाली की पुन्हा उघडते. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, मेली. खुशबू खाली वाकली, एक मिटलेलं पान दोन बोटांत धरून तिनं काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते ऐकू आलं नाही, ओठ हलले तेवढे दिसले. मग नळ सोडला. संघप्रिया अनवाणीच धावली, फरशीनं तळवे पोळले. "अगं बंद कर! बंद कर आधी!"

पाइपमधून वाफाळतं पाणी येत होतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी. चंद्रपुरात उन्हाळ्यात दुपारी त्या पाण्याखाली कुणी हातसुद्धा धरत नाही, आंघोळीचं पाणी लोक पहाटेच बादल्यांत भरून ठेवतात. खुशबूला हे माहीत होतं, ती इथंच वाढली होती. पण पुण्याला इतकी वर्षं राहून नळातलं पाणी म्हणजे गार पाणी, असं तिच्या हाताला वाटायला लागलं असावं. रोज दुपारी, जीव लावून, ती झाडांच्या मुळांवर कढत पाणी ओतत होती.

"मला वाटलं मरतील," खुशबू म्हणाली. तोंड लाल झालं होतं, उन्हानं की कशानं.

"मरतील नाही, मारलीस तू. चार दिवस झाले ना तुला येऊन? हात लावून बघ या पाण्याला. माणसावर घातलंस तर कातडी निघेल."

"पाइपच धरला होता. पाण्यात हात नव्हता घातला."

"तेच. हात घालून बघायचं नाही आणि माया करायला जायचं. सांगितलं होतं ना, तिला काही लागत नाही?"

"ते तू सगळ्यांबद्दलच सांगतेस." खुशबूनं पाइप गुंडाळायला घेतला, नीट, वेटोळं वेटोळं. "कोमेजलेलं दिसलं म्हणून घातलं. वाटलं, कुणी विचारत नाही यांना."

"ती अशीच दिसते दुपारी. संध्याकाळी उठते. रुजलेल्या झाडाला पाणी लागत नाही, खुशबू."

खुशबू थांबली. वेटोळं हातातच. "आणि एखादं रुजलंच नसेल तर, आई?"

फाटकाबाहेरून आइसकांडीवाला गेला, त्याची घंटी वाजत दूर गेली. "आत चल," संघप्रिया म्हणाली, "लू लागेल." आणि आत जाऊन तिनं माठातलं पाणी पेल्यात ओतलं, पेला खुशबूसमोर ठेवला, आणि पाठ फिरवली. पाठ फिरवणं तिला जमायचं. नर्सिंगच्या शिक्षणात पहिल्यांदा जे शिकली ते हेच होतं. ऑपरेशन झालेलं माणूस गुंगीतून उठलं की पहिला शब्द पाणी म्हणतं. पाणी दे माय, एक घोट. द्यायचं नसतं. ओला कापूस ओठांवरून फिरवायचा, बस. बाकीच्या मुली रडायच्या, एक-दोघींनी चोरून चमचा-चमचा पाजलंही. संघप्रियाचा कापूस कधी गरजेपेक्षा जास्त ओला झाला नाही. हेडसिस्टरनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, या मुलीकडून शिका. त्या रात्रपाळ्यांतल्या माणसांचे ओठ तिला अजून आठवायचे. चेहरे गेले, ओठ राहिले. कापसाला चोखणारे.

आणि त्या मुलीला, त्या हेडसिस्टरच्या लाडक्या मुलीला, होस्टेलात आल्यावर पहिल्या महिन्यातच ताप भरला होता. इतका साधा ताप, की रजा मागायचीही लाज. कॉटवर पडून तिला आईचं गाणं आठवायचं. आई, ठमाबाई, सावलीकडची. भाताच्या रोवणीच्या चिखलात वाढलेली, अहेरीला आल्यावरही घर सारवताना तिच्या तोंडात रोवणीचंच गाणं असायचं.

*तापल्या गं मातीमंदी कोनं लावलं गं रोप*
*पानी मांगता मांगता त्याले लागली गं झोप*

हे ऐकत ऐकतच एके दिवशी ती उठली आणि कुणाला न सांगता अहेरीच्या बसमध्ये बसली. रस्ताभर जंगल. तिनं एक वाक्य बांधलं होतं. खिडकीला डोकं लावून, धक्क्याधक्क्याला तेच वाक्य घोटत, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. घरी पोचली तेव्हा आईनं कपाळाला हात लावला आणि बाबांकडं पाहिलं. बाबांनी काहीच विचारलं नाही. भात वाढला. सकाळी तिची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली. ती मागं चालत राहिली, वाक्य तोंडात. स्टँडवर गाडी लागलेली. आता सांगू, आता सांगू म्हणेपर्यंत बाबांनी पेटी टपावर चढवली, आणि दारात उभ्या कंडक्टरला म्हणाले, छाती फुगवून, तिनं कधी ऐकला नव्हता एवढ्या अभिमानानं म्हणाले, "पोरगी हाय आपली. चंदरपूरले सिस्टर होऊन राह्यली. इले काई लागत नाई, भाऊ. पानी नाई देल्लं तरी फुलते." कंडक्टर हसला. बाबांनी आयुष्यात तिचं केलेलं ते एकच कौतुक. ते ऐकल्यावर ती बसमध्ये चढली. चढण्यावाचून करणार काय? वाक्य तिनं गिळलं, आणि गाडी आलापल्लीच्या वळणाला लागली तेव्हा तिला पोटात कुठंतरी तो बारीक आवाज ऐकू आला होता, बॅग हलवल्यावर मुळी तुटल्याचा.

ती सिस्टर झाली. तिनं घर बांधलं, खुशबूचे पप्पा आजारी पडले तेव्हा त्यांचं सगळं एकटीनं केलं, ते गेले तेव्हा एकटीनंच सावरलं. म्हणजे बाबांचं बरोबरच होतं. इतकी वर्षं ती हा हिशेब स्वतःला सांगत आली होती, आणि कुणी खोडून काढला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी सदाफुली उठली नाही. ऊन उतरलं, गिरजाबाईच्या गुलाबांवरची जाळी निघाली, वारा सुटला, आणि ही ओळ तशीच मान मोडून. माती ओली आणि झाड सुकलेलं. याला उपाय नसतो. रविवारी सकाळी संघप्रियानं एकेक झाड उपटायला घेतलं. उपटावं लागतच नव्हतं, धरलं की हातात येत होतं. मुळं तपकिरी, लिबलिबीत, सडक्या कांद्यासारखा वास. मूठ भरली की ती बाजूला टाकायची. वर फुलं अजून होती. हे तिला असह्य झालं; मूळ गेलेलं आणि वर गुलाबी फुलं, काल उमललेली, ताजी. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं जणू.

आत खुशबू बॅग भरत होती. चेन ओढल्याचा, अडकल्याचा, पुन्हा ओढल्याचा आवाज. स्वेटर बसत नसणार.

संघप्रिया मातीच्या हातांनी तशीच बसून राहिली आणि तिला नको असताना रोपवाटिकेचं मागचं कुंपण आठवलं. तिथं काही पिशव्या दरवर्षी राहून जायच्या. मोजणीतून सुटलेल्या, ट्रकमध्ये न मावलेल्या. कुणी हलवायचं नाही. मग त्यांची मुळं बुड फाडून खाली जायची आणि पुढल्या पावसात रोप पुरुषभर वाढायचं. अशी एक रांगच होती तिथं, साग आणि शिवणीची मोठाली झाडं, बुंध्याला अजून काळ्या प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या. लहानपणी ती त्या चिंध्या ओढायची, निघायच्या नाहीत, लाकूड त्यांच्यावरून वाढलेलं असायचं. त्या झाडांना कुणी ताण दिला नव्हता. त्यांना कुठंच जायचं नव्हतं. आणि दुपारी, डबा सोडायची वेळ झाली की, देवराव रखवालदार, ज्यांनी सगळा जन्म 'हलवा, हलवा' म्हणण्यात घालवला, ते त्याच झाडांखाली जाऊन बसायचे. दुसरी सावली तिथं नव्हतीच. बुंध्याला पाठ टेकून, डोळे मिटून, घोट-घोट पाणी प्यायचे. संघीनं हे रोज पाहिलं होतं. रोज. पाहून तिला कधी काही वाटलं नव्हतं, आणि आज, खत झालेल्या मुळांचा वास हाताला असताना, तिला बाबांचा असा राग आला की तिनं हातातलं झाड फाटकावर फेकून मारलं. बाबा, तुमी मले सांगतलं काऊन नाई का ताण जाणाऱ्यायले देतात म्हून? राहणाऱ्याले नाई.

फाटकाशी ऑटो उभा राहिला. ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. "मॅडम, गाडी बल्लारशावरून निघाली म्हंते. चला लवकर."

खुशबू बाहेर आली. डोक्याला ओढणी, डोळ्यांवर गॉगल, बॅग ओढत. उपटलेल्या ढिगापाशी तिची चाकं क्षणभर अडखळली. "सॉरी, आई," ती म्हणाली, झाडांबद्दल. मग बॅग उचलून तिनं स्वतःच ऑटोत ठेवली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि बॅग पायांत धरून बसली. संघप्रियानं डबा दिला. जवसाची चटणी, पोळ्या. खुशबूनं डबा घेतला, म्हणाली, "हे कशाला केलंस, मला लागलं नसतं काही." आणि हसली. ते हसणं संघप्रियाचं स्वतःचं होतं. रस्त्यानं जाणारे थांबून, सिस्टर, काय घालता हो हिला, असं विचारायचे तेव्हाचं.

भिंतीवरून गिरजाबाई बोललीच. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. जाणाऱ्या लेकीला दोन चांगले शब्द द्यावेत एवढंच. "जाऊन येजो वो माय. सुखात राह्यजो." मग ऑटोवाल्याकडं वळून, कौतुकानं, "पोरगी मायवर गेली पाय. एवढ्या दिवसात आवाज नाई ऐकू आला घरातून. हिले काई लागत नाई."

ऑटो सुरू झाला. संघप्रियाचे मातीचे हात ऑटोच्या दांड्यावर होते. तिनं ते काढायला पाहिजे होते. फरशीवर, उन्हात, ढिगातली फुलं अजून उघडी होती. ऑटोवाला म्हणाला, "मावशी, हात." तिनं एक हात काढला, आत घातला, आणि खुशबूच्या पायांतल्या बॅगेचा बंद धरून ओढला. बॅग जड होती, अर्धी बाहेर येऊन अडकली. तिनं पाय रोवून पुन्हा ओढली. बॅग रस्त्यावर पडली, चेन उसवली, आणि राखाडी स्वेटरची बाही बाहेर आली.

"आई? काय करतेस तू?"

ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं. गिरजाबाईच्या पाइपाचं पाणी लॉनवर सांडत होतं, तेवढाच आवाज. खुशबूनं गॉगल काढला होता. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, आभार नव्हते. मेलेल्या झाडाला कुणी पाणी घालत असताना माणूस बघतं तशी ती बघत होती. संघप्रियाला ते दिसलं. तिला श्वास लागला होता. इतक्या वर्षांची शुद्ध बोली, सिस्टरची, शिकवलेली, कुठं गेली कळलं नाही. घशातून आली ती अहेरीची, बसच्या खिडकीला डोकं लावून घोटलेली.

"लागते," ती गिरजाबाईला म्हणाली. "हिले लागते. सगळं लागते."

मग ती खुशबूकडं वळली, पण डोळे वर करवले नाहीत. खाली, बाहीवर, बोलली.

"मले नव्हतं जायचं त्या बसनं. मले घरी राह्याचं होतं. मलेबी लागत होतं, खुशबू. म्या कोनाले सांगतलंच नाई."